घर, दुकान आणि भांडवल : जागेत घातलेल्या पैशाचा हिशेब

आपल्या व्यापारी वर्गात एक समजूत फार पक्की बसलेली आहे. दुकानात चार पैसे शिल्लक पडले की त्याचे घर घ्यावे, एक घर झाले की दुसरे घ्यावे, कारण जागेचा भाव कधी उतरत नाही. मुंबईच्या मंगलदास मार्केटपासून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीपर्यंत कोणत्याही कापड बाजारात बसा, हेच ऐकायला मिळेल. मुलाला धंद्यात घालण्यापेक्षा त्याच्या नावाने एक फ्लॅट करून ठेवा, असा सल्ला देणारेही पुष्कळ आहेत.

ही समजूत अर्धी खरी आहे. राहते घर ही एक गोष्ट आणि भाव वाढेल म्हणून घेतलेले घर ही दुसरी गोष्ट. आपण दोन्हींना एकाच गजाने मोजतो आणि तेथेच हिशेब चुकतो. राहत्या घराने भाडे वाचते, घरमालकाची कटकट संपते, मुलांची शाळा बदलत नाही. मालेगावच्या विणकराच्या घरात तर खालीच माग चालतात. त्याचे घर म्हणजेच त्याचा कारखाना. त्याला घर परवडते का, हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नाही. कागद स्वच्छ असतील आणि पैसा हातचा असेल तर त्याने जरूर घ्यावे. प्रश्न आहे तो धंद्यातील भांडवल काढून किंवा कर्ज करून घेतलेल्या घराचा, विशेषतः दुसऱ्या घराचा.

दसपट म्हणजे किती?

समजा, १९९५ साली ४ लाखांत घेतलेली सदनिका २०२५ साली ४० लाखांना गेली. मालक चारचौघांत सांगतो की दसपट झाले, आणि ऐकणारा थक्क होतो. पण तीस वर्षांत दसपट याचा अर्थ चक्रवाढीने वर्षाला आठ टक्के, जास्त नाही. हे पडताळण्याची सोपी रीत आहे. बहात्तर या आकड्याला वाढीच्या टक्क्याने भागावे, म्हणजे रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. आठने भागले तर नऊ वर्षे. चाराचे आठ, आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस, यात सत्तावीस वर्षे गेली. उरलेल्या तीन वर्षांत बत्तीसचे चाळीस. झाली दसपट.

आता याच काळात रुपयाची किंमत किती घटली तेही पाहिले पाहिजे. मालमत्तेवरील करासाठी सरकार दरवर्षी महागाईचा निर्देशांक जाहीर करते. २००१-०२ हे वर्ष १०० धरले तर २०२४-२५ साठी हा आकडा ३६३ आहे. म्हणजे २००१-०२ मध्ये १० लाखांना घेतलेले घर २०२४-२५ मध्ये ३६ लाख ३० हजारांना विकले गेले तर मालकाच्या पदरात वाढीव काहीच पडले नाही. भाव साडेतीन पटीहून जास्त झाला, पण वस्तू तेवढीच राहिली. सोन्याचेच पाहा. १९९५ च्या सुमारास दहा ग्रॅमला पावणेपाच हजारांच्या आसपास असलेले सोने २०२५ मध्ये एक लाखाच्या पुढे गेले. सोन्यात कोणी राहू शकत नाही हे खरे, पण जागेसारखी वाढ दुसऱ्या कशातच नाही असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

भाव उतरतच नाहीत हेही खरे नाही. मुंबईत १९९५ च्या सुमारास जागांचे भाव शिखरावर पोहोचले आणि त्यानंतर सात-आठ वर्षे खाली राहिले. त्या शिखरावर घेतलेल्यांना नुसती मुद्दल परत दिसायला २००३-०४ नंतरची तेजी यावी लागली. २०१३ नंतर पुन्हा तसाच थंड काळ आला. २०१६ ची नोटाबंदी आणि २०२० ची टाळेबंदी त्यात भर घालून गेली. २०२० च्या सप्टेंबरात सरकारला मुद्रांक शुल्क काही महिन्यांसाठी दोन टक्क्यांवर आणावे लागले, ते बाजार उठत नव्हता म्हणूनच. कापडाचा भाव रोज कळतो, म्हणून त्यातील मंदी आपल्याला दिसते. घराचा भाव विकायला काढल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्यातील मंदी दिसत नाही, एवढाच फरक.

खरेदीचा खर्च तर कोणी धरतच नाही. महाराष्ट्रात मोठ्या शहरांत मुद्रांक शुल्क सहा ते सात टक्के पडते. घर बाईच्या नावाने घेतले तर २०२१ पासून एक टक्का सवलत आहे, आणि ती घेण्याजोगी आहे. ३० लाखांच्या वरच्या घराला नोंदणी फी ३० हजार. दलालाचा एक टक्का वेगळा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेतले तर साधारण ५ टक्के जीएसटी, स्वस्त घरांच्या व्याख्येत बसले तर १ टक्का. वापर परवाना मिळालेल्या तयार घराला हा कर नाही. ४० लाखांचे तयार घर घेणाऱ्याचे साडेतीन लाखांच्या आसपास दार उघडण्यापूर्वीच गेलेले असतात.

आणि भाडे? ४० लाखांच्या घराला महिना दहा हजार भाडे धरा. वर्षाचे एक लाख वीस हजार, म्हणजे तीन टक्के. त्यातून घरपट्टी, सोसायटीची वर्गणी, रंगरंगोटी आणि एखादा रिकामा महिना वजा केला तर दोन टक्क्यांच्या आसपास उरतात. शिवाय भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याची जबाबदारी मालकावर आहे.

जुन्या लोकांना पागडीची आठवण असेल. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली. इमारतीचा मालक कागदावर मालक राहिला आणि दरमहा किरकोळ रक्कम गोळा करीत बसला. जागेचा खरा भाव पागडी दिलेल्या भाडेकरूच्या हातात गेला. भेंडी बाजार, महंमद अली रोड भागातील कितीतरी मालक घराण्यांना आपल्या इमारतीची दुरुस्ती करणेही परवडेना. मालकी आणि लाभ नेहमी एकाच हातात राहतात असे नाही. कायदा बदलला की ते वेगळे होतात.

धंद्यातून काढलेला पैसा

कापडाच्या धंद्यात भांडवल वर्षात किती वेळा फिरते यावर सारे अवलंबून आहे. समजा, तीन वेळा फिरले आणि दर फेरीला खर्च जाऊन पाच टक्के उरले, तर वर्षाला पंधरा टक्के झाले. अडीच टक्के जकात काढली तरी बारा-साडेबारा राहतात. हे चांगल्या चाललेल्या दुकानाचे गणित आहे. उधारी बुडाली, माल पडून राहिला तर हा आकडा शून्याखालीही जातो, हे सांगायलाच हवे. म्हणूनच पहिले, राहते घर धंद्याच्या जोखमीपासून बाजूला ठेवणे शहाणपणाचे आहे. धंदा बसला तरी डोक्यावर छप्पर राहते. पण दुसऱ्या घरासाठी जेव्हा व्यापारी दुकानातून वीस लाख काढतो तेव्हा तो बारा टक्क्यांची फिरती रक्कम उचलून आठ-दहा टक्क्यांच्या अडकलेल्या जागी ठेवतो.

अडकलेली हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सणाच्या आधी गिरणीचा माल स्वस्त मिळत असेल तर फ्लॅटची एक खोली विकून तो घेता येत नाही. आता छोट्या उत्पादकांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत न चुकवल्यास, ती चुकती होईपर्यंत तो खर्च आयकराच्या हिशेबात धरला जात नाही. यंत्रमागवाल्याला ४५ दिवसांत द्यायचे आणि किरकोळ दुकानदाराकडून तीन महिन्यांनी घ्यायचे, तर मधल्या काळासाठी रोकड लागणारच. ती फ्लॅटमध्ये गेलेली असेल तर मग कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते, आणि त्या दारात बहुतेक वेळा सूदच असतो.

जकातीचा मुद्दाही येथेच येतो. राहत्या घरावर जकात नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर नाही, भाड्यातून जी रक्कम शिल्लक राहील ती आपल्या एकूण मालात धरावी लागते. पण जे घर विकून नफा कमवायचा या नियतीने घेतले, तो तिजारतीचा माल झाला, आणि त्याच्या बाजारभावावर दर चांद्र वर्षाला अडीच टक्के जकात येते, असे बहुसंख्य उलेमांचे मत आहे. ४० लाखांच्या फ्लॅटवर एक लाख रुपये. दुकानातील मालावरही जकात आहेच, पण तो माल रोज विकला जातो आणि जकात त्याच्यातूनच निघते. बंद फ्लॅट एक पैसा देत नाही, त्याची जकात दुकानातून काढावी लागते. पाच वर्षे भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्याने हे पाच लाख आपल्या हिशेबात लिहिले आहेत का? आपली नियत काय होती आणि आपल्यावर काय लागू होते हे प्रत्येकाने आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारून घ्यावे.

कर्जाचे घर

बँकेचे गृहकर्ज सूदी आहे आणि त्यावरील शरई हुकूम वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. येथे फक्त व्यापारी हिशेब मांडतो. ३० लाखांचे कर्ज, ९ टक्के दर, २० वर्षे मुदत. हप्ता सुमारे २७ हजार. वीस वर्षांत फेड होते ६४ लाख ७८ हजारांची, म्हणजे जवळपास पावणेपस्तीस लाख नुसता सूद. पहिल्या महिन्याच्या २७ हजारांतले साडेबावीस हजार सूदात जातात आणि मुद्दल फिटते अवघे साडेचार हजार.

यावर कोणी म्हणेल की कर्ज नाही घेतले तर घर कधीच होणार नाही, कारण आपण बचत करेपर्यंत घर पुढे पळत राहते. हा आक्षेप खोटा नाही, म्हणून तोही मोजू. हातात १० लाख आहेत, ४० लाखांचे घर आहे. तेवढ्याच घराचे भाडे १० हजार. म्हणजे हप्ता आणि भाडे यांतील १७ हजार महिन्याला वाचतात. ही सारी रक्कम कपाटात ठेवली तर घर नक्कीच हातातून जाईल. ती धंद्यात घातली आणि वर्षाला बारा टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांनी सुमारे ६९ लाख होतात. घर सहा टक्क्यांनी वाढले तर तोवर ७१-७२ लाखांवर गेलेले असेल, म्हणजे जवळजवळ गाठ पडली. आठ टक्क्यांनी वाढले तर ८६ लाख, मग आणखी काही वर्षे थांबावे लागेल. मध्ये भाडेही वाढत जाईल, ते मी धरलेले नाही. तेव्हा सूदाशिवाय घर होते, पण उशिरा होते, आणि ज्याचा धंदा चालता आहे त्याचेच होते. पगारदार माणसाला ही वाट अवघड आहे.

इतर काही मुस्लिम देशांत बँक आणि ग्राहक भागीदारीत घर घेतात आणि ग्राहक बँकेचा हिस्सा हळूहळू विकत घेतो. आपल्याकडे बँकांना तसे करण्याची मुभा नाही. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये कळवला. तरीही भाऊ-भाऊ किंवा दोन भागीदार आपापसांत असा करार वकिलाकडून करून घेऊ शकतात. आपल्या मोहल्ल्यांत चालणाऱ्या हेवी डिपॉझिटविषयी मात्र सावध राहावे. पाच लाख द्यायचे, भाडे शून्य, घर सोडताना पाच लाख परत. दिलेली रक्कम कर्ज ठरते आणि त्यावर मिळालेला फुकट मुक्काम हा कर्जावरचा लाभ ठरतो, म्हणून उलेमा याला मना करतात. वाजवी भाडे ठरवून थोडी अमानत ठेवणे हाच सरळ व्यवहार.

कागद

येथे आपल्या लोकांचे सर्वांत जास्त नुकसान झाले आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो कुटुंबे मुंब्र्याला गेली. घाई होती, भीती होती, दुसरीकडे जागा कोणी देत नव्हते. अशा गरजेच्या पोटी बेकायदा इमारती उभ्या राहिल्या आणि नोटरीच्या कागदावर, मुखत्यारपत्रावर विकल्या गेल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला अशीच एक चालू बांधकामाची बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत इमारत पडून चाळीसच्या आसपास जीव गेले. अशा घराची किंमत वाढली की नाही, हा प्रश्न तेथे उरत नाही.

जीव वाचला तरी पैसा वाचेल असे नाही. शंभर रुपयांवरच्या कोणत्याही स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खताशिवाय पूर्ण होत नाही, हे मिळकत हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले की मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांचा जुडगा करून मालकी मिळत नाही. नोटरीच्या शिक्क्याने दस्त नोंदला जात नाही, फक्त सही कोणाची ते सिद्ध होते. तरीही आजही वीस-पंचवीस लाखांचे सौदे नोटरीवर होतात, कारण तेथे घर स्वस्त मिळते. ते का स्वस्त आहे, याचा विचार घेणाऱ्याने करावा. विकायला जाल तेव्हा तुम्हालाही त्याच भावाचा गिऱ्हाईक मिळेल, आणि इमारत पाडली गेली तर नुकसानभरपाई मागायला हातात कागद नसेल.

नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. १ मे २०१७ पासून पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडाच्या किंवा आठाहून जास्त सदनिकांच्या योजनेला तो बंधनकारक आहे, आणि गिऱ्हाइकांच्या पैशातील सत्तर टक्के त्याच योजनेच्या खात्यात ठेवावे लागतात. जुनी असेल तर वापर परवाना आहे का आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का ते पाहावे. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर २००१ च्या कायद्याखाली तो नियमित झाला आहे का याचा कागद पाहावा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना ती सोय मिळाली आहे. वकिलाची पाच-दहा हजार फी वाचवण्यासाठी लोक चाळीस लाख धोक्यात घालतात, हे मला कधी समजले नाही. ठाणाला डाग आहे का ते पाहण्यासाठी आपण पूर्ण ठाण उलगडतो!

विक्रीवरील कराचेही बदलले आहे. २३ जुलै २०२४ नंतर घेतलेले घर दोन वर्षांनंतर विकले तर साऱ्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, महागाईची वजावट नाही. त्यापूर्वी घेतलेल्या घराला साडेबारा टक्के किंवा वजावटीसह वीस टक्के, जे कमी पडेल ते निवडण्याची मुभा आहे.

मालक गेल्यानंतर

घराचा एक दोष कोणत्याच हिशेबात येत नाही. ते वाटता येत नाही. दुकानातील माल, रोकड, सोने वारसांत शरीअतप्रमाणे मोजून देता येते. घराच्या भिंती देता येत नाहीत. समजा, वडील वारले, कर्ज फेडले गेले, मागे ४८ लाखांचे एकच घर राहिले. वारस म्हणजे बेवा, दोन मुलगे, दोन मुली. आईचा आठवा हिस्सा ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांचे सहा भाग, त्यातील दोन-दोन मुलांचे, म्हणजे प्रत्येकी १४ लाख, आणि एक-एक मुलींचा, म्हणजे प्रत्येकी ७ लाख. कागदावर अगदी सरळ. पण घरात मोठा मुलगा कुटुंबासह राहतो. त्याने ३४ लाख आणावेत कोठून? धाकटा विकायला सांगतो. मुलींना कोणी विचारत नाही, आणि विचारले तर भावाचे दार बंद होईल म्हणून त्या माफ केले असे सांगतात. अशी कितीतरी घरे दहा-पंधरा वर्षे बापाच्याच नावावर राहतात. सोसायटीचे दाखले अडतात, पुनर्विकासाची संधी येते तेव्हा सहीसाठी सगळे जमत नाहीत, आणि तोवर वारसांचेही वारस झालेले असतात. भाव वाढलेला असतो, पण कोणाच्याच हाती काही नसते.

मुलींचा हक्क अशा रीतीने खाल्ला जात असेल तर त्या घराला फायद्याची गुंतवणूक म्हणता येणार नाही. म्हणून ज्याची सारी कमाई एका घरात आहे त्याने धंद्यात किंवा सोन्यात एवढे तरी ठेवावे की घर एका मुलाला घेता येईल आणि बाकीच्यांचे हिस्से रोकडीने फिटतील. मोठे एक घर घेण्यापेक्षा लहान दोन घ्यावीत, हाही विचार करण्यासारखा आहे.

हयातीत हिबा करायचा असेल तर देणे, स्वीकारणे आणि ताबा या तिन्ही गोष्टी व्हाव्या लागतात. नुसता कागद करून ताबा आपल्याकडेच ठेवला तर मागाहून तो हिबा वादात सापडतो. मुलांमध्ये कमी-जास्त केले तर तंटा आपण स्वतः पेरला असे होईल. शिवाय स्वतःच्या आणि बायकोच्या निवाऱ्याची सोय आधी करावी, मगच सही करावी. तोंडी हिबा आपल्या कायद्याने चालतो, पण सोसायटीत आणि सरकारी दफ्तरात नाव लावताना नोंदणीकृत हिबानामाच कामाला येतो. राहते घर नवरा-बायको, मुलगा-मुलगी किंवा नातवंडे यांना बक्षीस दिले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. महापालिकेच्या हद्दीत त्यावर एक टक्का अधिभार पडू शकतो, तो दुय्यम निबंधकाकडे आधी विचारून घ्यावा.